ऑइल फिल्टर काही सुटेना: कोरोलाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

गाडी मामांची. कोरोला, २००६ ची, १.८ पेट्रोल, वन झेड झेड इंजिन, १ लाख ३४ हजार किलोमीटर. मामांचा गुडघा गेला तेव्हा म्हणाले विकून काय हंडाभर सोनं मिळणारे, तू ने पुण्याला. २०२१ ला त्यांनीच परत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतलेली त्यामुळे कागदाची कटकट नव्हती. दर वेळी गॅरेजला ऑइल बदलायचे पैसे देण्यापेक्षा आपणच करू असं ठरवलं, यूट्यूबवर वीस मिनिटांचं काम दिसतं.

सामान: १४ ची गोटी (नटावर बसणारा सॉकेट), ती फिरवायला १/२ इंचाचं रॅचेट, जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), मागच्या चाकांना विटा, ऑइल गोळा करायला घमेलं (वरच्या मजल्यावर टाईल्सचं काम चालू आहे तिथून मागून आणलं), पेपरची रद्दी. ५डब्ल्यू-३० ग्रेडच्या ऑइलचा साडेतीन लिटरचा कॅन, शिवाय एक लिटर सुट्टं, कारण फिल्टरसकट ३.७ लिटर बसतं. नवा फिल्टर (ऑइल गाळणारा डबा) आणि चेंबर नटचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या बुचाचा, नवा वायसर.

गाडी दहा मिनिटं चालवून कोमट केली, घोड्यांवर घेतली, खाली शिरलो. चेंबर नट १४ च्या गोटीने पटकन सुटला, ऑइल काळं कुळकुळीत घमेल्यात, मी खूश. मग फिल्टरला हात घातला आणि तो हललाच नाही. हा फिल्टर चेंबरशेजारी इंजिनखाली उभा लटकतो, तोंड वर आणि बूड आपल्याकडे, तसा हात पोचायला चांगला आहे, पण पूर्ण पंजा बसत नाही कारण एका बाजूला लोखंडी मेंबर (गाडीच्या सांगाड्याचा आडवा भाग) आणि दुसऱ्या बाजूला चेंबरची भिंत. चिंधी लावून फिरवला, नाही. ग्लोव्ह घालून, नाही. पॉलिश पेपर, ८० नंबरचा, फिल्टरला गुंडाळून पिळला, पेपरला पकड मस्त येते पण माझ्याच मनगटाने हार मानली.

मग कमरेचा पट्टा. पट्ट्याचा फास करून फिल्टरला टाकला आणि टोक ओढलं, पट्टा सुर्रकन सरकला, ऑइल लागलेलं होतं. रॉकेलने फिल्टर पुसून परत लावला तर या वेळी सरकला नाही पण फिल्टर पण हलला नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की मी गेली दहा मिनिटं फिल्टर आवळत होतो. खाली पडून बुडाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो, पण मी मधेच बॉनेटमधून वरून हात घालून बघत होतो आणि डोक्यात दिशा उलटी बसली. आधीच घट्ट होता त्यात मी भर घातली. आता मार्करने बुडावर बाण काढलाय.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे काका खाली आले. काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, सोसायटीत कोणाचीही गाडी उघडी दिसली की हात मागे बांधून येऊन उभे राहतात. वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न, "ऑइल काढलंस का आधी?" म्हटलं हो. "तिथंच चुकलास. आधी फिल्टर हलतोय का बघायचं, थोडा हलवून परत सोडायचा, मग चेंबर नटला हात लावायचा. आता गाडी जागेवर बसली की नाही?"

बसली. चेंबर नट परत लावला, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी चिकटवली: ऑइल नाही, स्टार्ट करू नये. दुसरी चावी बायकोकडे असते म्हणून.

१३ जानेवारी, सोमवार

ऑफिसमध्ये अर्धा दिवस फिल्टर पाने बघण्यात गेला. पाच-सहा जाती दिसतात. टोपीसारखा एक येतो, वाटी म्हणतात त्याला, फिल्टरच्या बुडाला जे कंगोरे असतात त्यावर चपखल बसते आणि मागून रॅचेट लावायचं. पट्टीवाला, म्हणजे स्टीलची पट्टी आणि दांडा. चेनवाला. तीन पायांचा, ज्याला मागून रॅचेट लावून फिरवलं की पाय आत मिटत जातात, जेवढा जोर तेवढी पकड. पकडीसारखा दोन दातेरी जबड्यांचा. आणि रबरी पट्ट्याचा, जो खरं तर किचनमध्ये बरण्या उघडायला ठीक आहे.

सगळ्यात नीटस वाटी. तिला बाजूने जागा लागत नाही, फक्त खालून. रात्री जेवणाच्या टेबलावर नवा फिल्टर घेऊन बसलो, व्हर्नियर लावला, कंगोऱ्यांच्या समोरासमोरच्या सपाट बाजू ६५ मिमी, कंगोरे मोजले १४. दोनदा मोजले कारण पहिल्यांदा १५ आले (सुरुवात कुठून केली ते विसरलो, मग एकाला पेनची खूण केली). वाटीवर "६५/६७, १४ कंगोरे" असं लिहिलेलं असतं, दोन्ही जुळायला पाहिजे, नुसता व्यास जुळून उपयोग नाही. ऑर्डर केली, २४० रुपये, गुरुवारी येणार.

बायको म्हणाली उद्या संक्रांत आहे, आपण आईकडे कशाने जायचं? रिक्षाने.

१४ जानेवारी, मंगळवार

काम नाही. काकांकडे तिळगूळ द्यायला गेलो तर गोड बोलायच्या ऐवजी फिल्टरवरच बोलणं निघालं. काकांचं म्हणणं सरळ आहे, नवं ऑइल भर, जुना फिल्टर राहू दे, पाचशे-हजार किलोमीटर चालव आणि कुठेतरी लिफ्टवर घेऊन काढून टाक. बरोबर आहे त्यांचं. पण नवं ऑइल घाण फिल्टरमधून फिरवायचं हे मला पटेना, आणि खरं सांगायचं तर हट्ट. मी म्हटलं परवा वाटी येतेय काका. काका नुसते "बरं" म्हणाले. वर्कशॉपमध्ये बसचे फिल्टर नारळाएवढे असायचे आणि ते चेनपान्याने काढायचे, दांड्याला पाइप लावून. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात चेन शिरली.

१५ जानेवारी, बुधवार

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. लंच टाइमला सटकलो. जुन्या पान्यांचे ढीग लागलेले असतात, एकेक पाना दोन दोन किलोचा, बहुतेकांवर कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्याचं नाव कोरलेलं. एका ताडपत्रीवर चेनपाना मिळाला, दांडा फूटभर, चेन सायकलच्या चेनपेक्षा थोडी जाड, दातांवर गंज पण कड्या मोकळ्या फिरत होत्या.

"केवढ्याला?"
"अडीचशे."
"गंजलाय की."
"गंज वरचा आहे साहेब, आत लोखंड आहे. नव्यात कागद असतो."

दीडशेला दिला. घरी आणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, बाल्कनीत, कपड्यांच्या खाली, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं.

१६ जानेवारी, गुरुवार

वाटी आली. सुंदर दिसते, काळी, आतून कंगोरे. नव्या फिल्टरवर बसवली, टक्. हलत नाही डुलत नाही. आनंदाने खाली गेलो, टॉर्च तोंडात धरून गाडीखाली शिरलो, वाटी जुन्या फिल्टरवर लावली आणि ती चढेचना.

तिथं पडल्या पडल्या कळलं मी काय करून बसलोय. नवा फिल्टर मोजला, आणि काढायचा होता जुना. जुना दुसऱ्याच कंपनीचा आहे, मागच्या सर्व्हिसिंगला एका गॅरेजने टाकलेला, आणि त्याच्या बुडाला कंगोरेच नाहीत, गोल गुळगुळीत डबा. व्हर्नियर तिथं आडवा जात नव्हता म्हणून सुतळी गुंडाळली, पेनने खूण केली, वर येऊन पट्टीवर मोजली, २१ सेंटिमीटर ४ मिलिमीटर. भागिले ३.१४, म्हणजे ६८ मिमीच्या आसपास. सोमवारी ही सुतळी गुंडाळली असती तर... जाऊ दे. वाटी वाया नाही जाणार, पुढच्या वेळी नवा फिल्टर काढताना लागेल, पण आज तिचा उपयोग शून्य.

रॉकेलच्या चिंधीने डबा पुसताना अजून एक दिसलं. बुडाच्या कडेला तीन जुने ओरखडे, समान अंतरावर, पत्रा जरासा दबलेला. म्हणजे बसवताना कोणीतरी तीन पायांचा पाना लावून आवळलाय. हाताने आवळायची वस्तू आहे ही! गॅरेजचं नाव लिहीत नाही, पण पावती ठेवलीय.

१७ जानेवारी, शुक्रवार

रात्री साडेनऊला चेनपाना. सगळ्यात वाईट दिवस.

फूटभर दांडा मोकळ्यात चांगला, पण इथं दांडा फिरायला जागा किती? मेंबरपासून चेंबरपर्यंत, जेमतेम वीस अंश. चेन गुंडाळायची, अडकवायची, ओढायचं, दांडा मेंबरला टेकला की चेन सोडवून परत मागे घ्यायची. पहिल्या दोन ओढ्यांत चेन फक्त बसली. तिसऱ्याला काहीतरी हललं, मी खूश झालो, बघतो तर फिल्टर फिरलाच नव्हता, डबा आत चेपला होता. चौथ्याला करकर आवाज आला आणि चेपलेल्या घडीतून काळ्या ऑइलचा थेंब बाहेर आला, मग दुसरा, आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ.

काकांना आवाज गेला असणार, बनियनवर खाली आले. टॉर्च मारून म्हणाले, "मधे कशाला धरलास? मधे नुसता पत्रा असतो. धरायचं वर, मुळाशी, जिथं आतून जाड प्लेट आहे. तिथं चेपत नाही." मग मीच घरी नवा फिल्टर उलटा करून बघितला, खरंच, आट्यांच्या बाजूला भोकं असलेली चांगली जाड प्लेट आहे आणि डब्याचा पत्रा तिच्या कडेला दुमडून बसवलाय, बाकी सगळं आत कागदाची घडी आणि बाहेर पातळ डबा. पण माझ्या गाडीत मुळाशी चेन जायला जागाच नाही, वर ब्लॉकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य अंगाची, कड येते.

आता काकांचा मंगळवारचा मार्ग पण बंद, कारण डबा फुटलाय, ऑइल भरलं तर प्रेशरने तिथूनच उडेल. आता फिल्टर काढायलाच लागणार.

ऑफिसमधल्या एकाने स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा सल्ला दिला होता. काकांनी हात जोडले. म्हणे पत्रा ढिला असला की स्क्रू ड्रायव्हर फिल्टर फिरवत नाही, डबा फाडत जातो, आणि डबा फाटून निघाला की वर नुसती प्लेट उरते, मग छिन्नी-हातोडी घेऊन प्लेटच्या कडेला ठोकत बसायचं आणि एक ठोका चुकला की ब्लॉकचा जो सपाट भाग गॅस्केट (फिल्टरची रबरी रिंग) धरतो त्यालाच ओरखडा. एसटीत त्यांनी असे तीन काढलेत. मला एक पण काढायचा नाही.

मामांचा फोन. "निस्तं ऑइल बदलायला आठवडा लागतोय व्हय रं?" म्हटलं मामा, येतो पुढच्या शनिवारी. मामा हसले आणि फोन मामींकडे दिला.

१८ जानेवारी, शनिवार

नाना पेठ. या वेळी मोकळ्या हाताने गेलो नाही, सुतळी खिशात, आणि मोबाईलमध्ये गाडीच्या खालचे चार फोटो, एकात तर माझा हात फिल्टरशेजारी ठेवलाय म्हणजे जागेचा अंदाज यावा. दुकानदाराने पहिल्यांदा पट्टीवाला काढला. दांडा मुडपणारा होता, सांधा होता मधे, म्हणजे तिरका पण ओढता येतो, चांगला आहे, किंमत १८०. पण पट्टीला फिल्टरभोवती जाऊन बाहेर दांडा फिरवावा लागतोच, प्रश्न तोच, जागा. आणि डबा आधीच चेपलेला, पट्टीला गोल अंग पाहिजे, घडी पडलेल्या डब्यावर ती एका जागी ताणते आणि दुसरीकडे ढिली राहते. पकडीचा पण बघितला, दातांना डबा मिळाला असता पण दोन लांब मुठी खाली उघडायच्या कुठं, मेंबर आहे.

तीन पायांच्याला मी नाक मुरडत होतो कारण त्याच्याच ओरखड्यांनी ही वेळ आली. दुकानदार म्हणाला, "पाना काय करणार, आवळताना लावला ती चूक, सोडवायला तर तोच." मग हातात घेऊन बघितला. मधल्या डोक्याला ३/८ चं चौकोनी भोक आणि बाहेरून षटकोन, म्हणजे रॅचेट नसेल तर रिंग पाना पण चालतो. डोकं फिरवलं की आतला गिअर तिन्ही पाय एकदम आत ओढतो. दोन नग बघितले, स्वस्तातल्याचे पाय चपट्या पट्टीचे, बोटांनी पण मधे झोल लागत होता. दुसऱ्याचे पाय गोल सळईचे आणि टोकाला दाते कापलेले, ४५० रुपये. मी दुकानातच माझी सुतळी ६८ च्या एका फिल्टरभोवती लावून खात्री केली आणि पाना त्यावर चढवून बघितला, पाय पत्र्याला भिडले तेव्हा अजून आत यायला जागा शिल्लक होती. हे महत्त्वाचं, शेवटच्या टोकाला भिडला असता तर आवळायला काही उरत नाही. माझं रॅचेट १/२ चं म्हणून ३/८ चा अॅडाप्टर ६० रुपये.

दुकानदाराने कंगोऱ्यांच्या वाट्यांचा तीस नगांचा सेट पण दाखवला, लाल पेटीत. मोह झाला. एका गाडीला एक वाटी लागते, बाकी एकोणतीस पेटीत पडून राहणार.

१९ जानेवारी, रविवार

सुटला.

सकाळी सात. कडेला काका खुर्ची टाकून, चहा घेऊन. डबा परत रॉकेलने पुसला, कोरडा केला. तीन पायांचा पाना खालून बुडावर चढवला, पाय जेवढे वर जातील तेवढे, चेपलेल्या घडीच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असा फिरवून. अॅडाप्टर, १५ सेंटिमीटरचं एक्स्टेंशन, म्हणजे रॅचेट मेंबरच्या खाली आलं आणि दांड्याला पूर्ण मोकळी जागा मिळाली. आठवडाभर मी ज्या जागेशी भांडत होतो ती जागा खालच्या बाजूला रिकामीच होती, बाजूने यायचा हट्ट मीच धरलेला. बाण बघितला, दिशा बघितली, परत बघितली.

पहिला ओढा, पाय पत्र्यात रुतले, कुरकुर. दुसरा, पत्रा अजून दबला, माझा जीव वर. काका म्हणाले झटका देऊ नकोस, दाबून धर. दाबून धरलं, दोन-तीन सेकंद काहीच नाही, आणि मग बाटलीचं बूच निघतं तसा एक कोरडा कट् असा आवाज आणि रॅचेट एकदम हलकं झालं. पुढे हाताने. घमेलं विसरलो होतो, काकांनी पायाने सरकवलं.

फिल्टर हातात आल्यावर पहिलं गॅस्केट बघितलं. नव्हतं. रबरी गोल रिंग वर ब्लॉकलाच चिकटून राहिलेली, चपटी, कोरडी, काडीसारखी कडक. हे बघितलं नसतं आणि नवा फिल्टर तसाच चढवला असता तर दोन रिंगा एकावर एक, आणि स्टार्ट केल्यावर तिथून सगळं ऑइल पार्किंगमध्ये. नखाने एक टोक उचकटलं आणि लाकडी आइस्क्रीमच्या काडीने हळूहळू सोलून काढली, स्क्रू ड्रायव्हर लावला नाही, ती जागा चिंधीने पुसली आणि बोट फिरवून बघितली, कुठे खडबड नाही.

बसवताना एकही पाना हातात घेतला नाही. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने नवं ऑइल चोपडलं. तोंड वर असल्यामुळे फिल्टरमध्ये आधी थोडं ऑइल भरता येतं, अर्ध्यापर्यंत ओतून कागदाला पिऊ दिलं. हाताने आटे धरले, अलगद फिरत गेला, रिंग टेकली तिथं थांबलो. मार्करने फिल्टरवर एक रेघ आणि तिच्या समोर मेंबरवर एक रेघ. तिथून पाऊण फेरा, फिल्टरच्या डब्यावर चित्र काढून तेच सांगितलेलं असतं. शेवटचा पाव फेरा दोन्ही हातांनी द्यावा लागला, ग्लोव्ह काढून, कारण ऑइल लागलेला ग्लोव्ह सरकतो. चेंबर नट नव्या वायसरसकट, टॉर्क रेंच मेव्हण्याचा, ३७ न्यूटन-मीटर. ३.२ लिटर ओतलं, डिपस्टिक बघितली, मग उरलेलं थोडं थोडं. चिठ्ठी काढली. स्टार्ट केली, ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंद राहिला (ते दोन-तीन सेकंद फार लांब होते) आणि गेला. टॉर्च घेऊन परत खाली, फिल्टरची कड कोरडी, नट कोरडा. बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक, वरच्या खुणेच्या जरा खाली.

काका चहाचा कप उचलून म्हणाले, "आता लिहून ठेव कुठल्या तारखेला बदललं." लिहितोच आहे काका.

२६ जानेवारी, रविवार

कोल्हापूर जाऊन आलो, जाता-येता साडेचारशेच्या वर किलोमीटर. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी केली, पुठ्ठ्यावर डाग नाही. मामांनी बॉनेट उघडायला लावलं, डिपस्टिक स्वतः पुसून बघितली.

खर्च मांडला. वाटी २४०, चेनपाना १५०, तीन पायांचा ४५०, अॅडाप्टर ६०, एकूण ९००, शिवाय तीन रिक्षा. नुसता तीन पायांचा आणि अॅडाप्टर घेतला असता तर ५१० मध्ये भागलं असतं.

जुना फिल्टर घमेल्यात उलटा ठेवून दिवसभर निथळत ठेवला, काकांच्या सांगण्यावरून. काळं ऑइल परत कॅनमध्ये भरलं. सेंट्रिंगवाला मागत होता, फळ्यांना लावायला, वरच्या मजल्यावरचा, ज्याचं घमेलं आणलेलं. त्याला दिलं नाही, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ड्रम आहे, त्यांचं भरलं की ऑइल गोळा करणारा येऊन घेऊन जातो, त्यात ओतलं. घमेलं मात्र राखेने घासून परत दिलं. सेक्रेटरींनी फरशीवरच्या दोन डागांचा फोटो ग्रुपवर टाकलाय, नाव न घेता.

९ फेब्रुवारी, रविवार

मेव्हणा त्याची डिझेल गाडी घेऊन आला, टॉर्क रेंच परत न्यायच्या निमित्ताने. म्हणे माझा पण काढू, तुझ्याकडे आता सगळी आयुधं आहेत. बॉनेट उघडलं तर त्याचा फिल्टर डब्याचा नाहीच. प्लास्टिकचं घर, वर षटकोनी डोक्याचं टोपण, आत नुसती कागदी पुंगळी बदलायची. तीन पायांचा घेऊन तो वाकलाच होता, मी हात धरला, प्लास्टिकला ते दाते लावले की तडा. इथं साधी मोठी गोटी लागते, नीट मापाची, आणि गोटी सहा कोनी पाहिजे, बारा कोनीने प्लास्टिकचे कोपरे झिजतात. अशा टोपणांवर बऱ्याचदा टॉर्क छापलेलाच असतो, त्याच्यावर २५ न्यूटन-मीटर होतं. आणि टोपणाची ओ-रिंग पुंगळीसोबत येते, ती बदलायची, खोक्यात विसरायची नाही.

त्याच्याकडे गोटी नव्हती. चहा पिऊन गेला. टॉर्क रेंच पण विसरून गेला.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

पाच हजार झाले आणि गणपती २७ ला, त्याआधी उरकून टाकू म्हटलं. पाऊस, पार्किंगमध्ये ओल, चटई टाकून खाली. या वेळी क्रम काकांचा, ऑइल काढायच्या आधी फिल्टर.

वाटी चढवली, टक्. एक्स्टेंशन, रॅचेट. खरं तर आधी हाताने बघितलं होतं, थोडासा हलल्यासारखा वाटला पण सात महिन्यांत रिंग बसलेली असते, हाताने पूर्ण नाही झालं. रॅचेटला दोन बोटांचा जोर, सुटला. परत हाताने टेकवून ठेवला, चेंबर नट काढला, ऑइल गेलं, मग फिल्टर. रिंग फिल्टरसोबतच आली, मऊ, ऑइलने चमकणारी. जानेवारीतली कडक रिंग मी डबीत ठेवलीय, दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढला.

खाली शिरल्यापासून गाडी घोड्यांवरून उतरवेपर्यंत पन्नास मिनिटं, त्यातली पंधरा घोड्या लावण्यात. नवा फिल्टर आणताना दुकानात खोकं उघडून १४ कंगोरे मोजले, दुकानदाराने काय बघताय विचारलं. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त होता, गुळगुळीत बुडाचा, तो नको म्हटलं.

तीन पायांचा पाना पेटीत वरच ठेवलाय. चेनपाना काकांकडे आहे, गच्चीवरच्या टाकीच्या पाइपला लागला होता मेमध्ये, अजून परत आलेला नाही आणि मी मागितला पण नाही.